पाटलीपुत्राचा लाकडी कोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला प्राचीन नगरांच्या तटबंदीवरचा लेख आवडला. बॅबिलोन, अथेन्स, रोम सगळे भेटले, मगधाची राजधानी पाटलीपुत्र, म्हणजे आजचं पाटणा, हिला मात्र एक ओळही मिळाली नाही. कारण कळण्यासारखं आहे. तट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा दगड नि चुना येतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला लाकडाचा कोट हा कोटच वाटत नाही.

पण पाटलीपुत्रात आधी तट आला आणि मग शहर. गंगाकाठचं पाटलीग्राम हे साधं खेडं. नदीपलीकडच्या वज्जी गणराज्याला थोपवण्यासाठी मगधाचा राजा अजातशत्रू याचे अमात्य सुनीध आणि वस्सकार तिथे कोट उभारत असतानाच बुद्ध अखेरच्या प्रवासात तिथून गेले, असं महापरिनिब्बानसुत्त या पाली बौद्ध ग्रंथात आहे. हे श्रेष्ठ नगर होईल, पण त्याला आग, पाणी आणि आपसातली फूट यांचं भय राहील, असं त्यांनी शिष्य आनंदाला सांगितलं. ते ज्या वेशीतून बाहेर पडले, तिला गौतमद्वार म्हणू लागले.

जुनी राजधानी राजगृह डोंगरांच्या कुशीत होती. तिचा दगडी तट डोंगरांच्या माथ्यांवरून फिरलेला आजही दिसतो. पाटलीपुत्राच्या पायाखाली नुसता गाळ. चंद्रगुप्त मौर्याकडे आलेला ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिस याच्या आधारे ग्रीक लेखक सांगतात, की शहर 80 स्टेडिया लांब आणि 15 रुंद, म्हणजे जेमतेम अडीच-तीन किलोमीटर रुंदीची, नदीला चिकटलेली 14-15 किलोमीटरची पट्टी. (आजचं पाटणाही गंगेच्या कडेकडेने असंच लांबत गेलं आहे.) लाकडी तटाला 570 बुरूज, 64 दरवाजे, बाण सोडायला जंग्या. भोवतीच्या खंदकाचं काम दुहेरी: शत्रूला अडवायचं आणि शहराचं सांडपाणी पोटात घ्यायचं! नदीकाठी पूर-पावसात विटांचं बांधकाम टिकत नाही म्हणून लाकूड, हे कारणही त्यांनीच दिलं आहे.

आता कौटिल्याचं ऐका. अर्थशास्त्र सांगतं, तट विटांचा किंवा दगडाचा करावा. लाकडाचा कदापि नको, त्यात अग्नी दबा धरून बसलेला असतो. (ग्रंथ नेमका कधीचा, हा वाद पंडितांवर सोडू.) पाण्याला भिऊन लाकूड घ्यावं, तर आगीची भीती! त्याच ग्रंथातले नगराचे नियम वाचले की या भीतीने रोजचं जगणं कसं बांधलेलं असेल ते उमगतं. उन्हाळ्यात भर दुपारी घरात चूल पेटवायची नाही. रस्त्यांवर, चव्हाट्यांवर, वेशींपाशी पाण्याने भरलेले हजारो घडे ओळीने मांडायचे. रात्री नगारा वाजला की बाहेर हिंडायचं नाही. महाद्वारापाशी निशाण लावलेली शुल्कशाळा, म्हणजे आपला जकात नाकाच.

हे सगळं पुस्तकातच राहिलं असतं. पण विसाव्या शतकाच्या आरंभी पाटण्याच्या बुलंदीबागेत शालवृक्षाच्या ओंडक्यांच्या दोन समांतर भिंती जमिनीखाली सापडल्या. दोन हजारांहून अधिक वर्षं लाकूड टिकलं, ते ओल्या गाळात गाडलं गेल्यामुळे. ज्या पाण्याचं भय, त्यानेच तट राखला. जवळच्या कुम्हरारला ऐंशी खांबांचं सभागृह उजेडात आलं, त्या उत्खननाचा खर्च मुंबईच्या सर रतन टाटांनी उचलला होता. मराठी वाचकासाठी लेखात एवढी एक ओळ तरी हवी होती.

आपल्याकडून दरवर्षी कितीतरी लोक बोधगया, राजगीर, नालंदा करून येतात. पाटण्यात ते बहुधा फक्त गाडी बदलायला उतरतात. गेल्या वर्षी आम्हीही तेच केलं. लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात बुलंदीबागेला जागा द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा