मालिश वडिलांनीही करावी

रविवारच्या पुरवणीतील तान्ह्या बाळाच्या मालिशीवरचा ‘मालिशवाली बाई हवी की नको?’ हा लेख वाचला. त्यातल्या, मालिशीची माहेरची रीत खरी की सासरची, या वादात ती कोणी करावी हा मुद्दा राहूनच गेला. ती आईवडिलांनी, त्यातही वडिलांनी करावी. दूध पाजणे आईकडे असते. वडिलांना बाळाला रोज हक्काने हाताळण्याची हीच संधी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा १५ दिवसांची, खासगी नोकरीत तीही कायद्याने बंधनकारक नाही. पण सकाळच्या लोकलआधीची पंधरा मिनिटे पुरतात.

दूध पाजल्यावर पाऊण तास जाऊ द्यावा, पंखा बंद करावा. चमचाभर खोबरेल तळहातांवर चोळून घ्यावे. मोहरीचे तेल नाजूक त्वचेला झोंबते. सुरुवात पायांपासून करावी. पोटावर हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा, कारण मोठ्या आतड्याची दिशा तीच. बाळाने तोंड फिरवले, पाठीची कमान केली की थांबावे. बाईला पुढची चार-पाच घरे गाठायची असतात, म्हणून नेमके हेच होत नाही; बाळ रडते, हात चालूच.

नाक ओढणे, नाकाकानात तेल सोडणे, हातपाय खेचणे आणि नंतरची धुरी मात्र दोन्हीकडच्या आजींनी सोडून द्यावी. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि दहा बाय बाराच्या खोलीत धूर जाणार कुठे?

– एक वाचक, लालबाग, मुंबई