प्रार्थनेच्या यादीतलं नाव

प्रिय रूथ,
ख्रिस्तात सलाम आणि आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास आणि मम्मीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "पाणी पिते का विचारलं का?" ते राहूनच गेलं होतं. म्हणून हे पत्र. फोनवर मी बोलायला लागलो की तू "हो पप्पा, हो पप्पा" करतेस आणि मग मला जास्तच जोर चढतो.

तू ॲडमिट होतीस हे आम्हाला सॅमकडून कळलं, तेही तुला सुट्टी मिळाल्यावर. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. जॉयमावशी पिंपरीत आहे, तिला एक फोन केला असता तर रात्री कुणी उशाशी तरी असतं. असो, बोलणार नाही म्हटलं ना. पण डिसेंबर लागला आहे, गाडीवर जाताना स्वेटर घाल. ऑफिसात एसीच्या झोताखाली बसवलं असेल तर जागा बदलून माग. सिकलसेल, हा तुझा रक्ताचा आजार, 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत आहे, तू कुणाकडे मेहरबानी मागत नाहीस. आणि बाटली टेबलावर, डोळ्यांसमोर ठेव. बॅगेतली बाटली कुणी पीत नाही.

आता चर्चमधल्या प्रार्थनेच्या यादीचं. "माझा बाप्तिस्मा झाल्यापासून दर रविवारी माझं नाव वाचतात, आणि वाचलं की सगळे वळून बघतात. काय फरक पडला?" असं तू म्हणालीस. मी पाळकसाहेबांना सांगून नाव काढून घेतलं. मम्मीला ते आवडलं नाही, तीन डबे करंज्या तळून होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

काय फरक पडला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुझ्या रक्ताचा पॅटर्न एसएस होता, म्हणजे आईबाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेलं, आणि एसएसच आहे. तू लहान असताना त्या मैदानावरच्या सभेत एकानं तुझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं जाहीर केलं होतं की मुलगी बरी झाली, आता औषध म्हणजे अविश्वास. लोक टाळ्या वाजवत होते. मम्मी त्यांच्यासमोर काही बोलली नाही. घरी येऊन तिनं फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि तू पूर्ण पेला संपवेपर्यंत समोर उभी राहिली. माझ्या मते त्या दिवशीची प्रार्थना ती होती. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतो असं नाही सांगितलं. तेव्हा कॅप्सूल चुकवू नकोस. हायड्रॉक्सियुरिया दुखतंय तेव्हा घ्यायचं औषध नाही, ते रोजचं आहे. तान्ह्या बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ते शरीराला पुन्हा बनवायला लावतं, आणि ते जितकं जास्त तितक्या पेशी कमी वाकड्या होतात, हे डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. पण त्यानं पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून सीबीसी, ती रक्ताची तपासणी, वेळेवर. ताप चढला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, सरळ दवाखाना.

बघ, पुन्हा भाषण झालं. माफ कर बेटा.

मला सांगायचं होतं ते मेडिकलच्या वॉर्डातलं. तू दहावीत होतीस, पायाची हाडं अशी दुखत होती की चादर लागली तरी ओरडायचीस. आदल्या संध्याकाळी मंडळीतले एक गृहस्थ येऊन, घराण्यात काही राहून गेलं असेल तर देवापुढे मोकळं व्हा, असं मला बाजूला घेऊन सांगून गेले होते. मी आणि मम्मी दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक. दर मुलामागे चारात एक शक्यता, सॅम सुटला आणि तू सापडलीस, याच्यापलीकडे घराण्यात काही नाही. पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. मग योहानाचा नववा अध्याय काढला. शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि यांचंही नाही. मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत होतो. तो आंधळा पुढे बरा होतो, तिथपर्यंत त्या रात्री मी गेलोच नाही.

नंतर तू जागी झालीस आणि म्हणालीस, "पप्पा, खोटं आनंदाचं काही वाचू नका." म्हणून 88 वं स्तोत्र वाचलं. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी देवाच्या स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तू विचारलंस, "हे बायबलमध्ये आहे?" आणि मग झोपलीस. आठवतं तुला? मला वाटतं माझा विश्वास त्या रात्रीनंतर जरा बरा टिकला. देवासमोर असंही बोलता येतं, तो उठून जात नाही.

रागावलीस म्हणजे विश्वास गेला असं समजू नकोस, आणि दुखणं आलं म्हणजे तो कमी पडला असंही नाही. ज्यांच्या नावाच्या कॉलेजात तू शिकलीस ते मिशनरी हिस्लॉपसाहेब 1863 मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. त्यांचा विश्वास लहान होता असं अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्याच कॉलेजात तू हाताला सलाईनची पट्टी घेऊन फायनलचा पेपर दिलास आणि त्या आठवड्यात मोहननगरच्या कॅरलला आल्टो गायलीस. आजही दानीकाका भेटले की आधी तेच काढतात. मी नुसतं "हो हो" म्हणतो, पण ऐकायला थांबतो.

तुला नाताळला यायचं नसेल तर नको येऊस. चर्चला यायचं नसेल तर घरी बस, कुणी काही म्हणणार नाही, मम्मीकडे मी बघतो. आलीस तर खालचा बर्थ घे, एसीच्या डब्यात त्यांच्या ब्लँकेटवर भागवू नकोस, आपली शाल ठेव. आणि गाडीत बाथरूमला जायला लागेल म्हणून पाणी कमी प्यायचं नाही, ही तुझी जुनी सवय आहे.

यादीतून नाव काढलं आहे. पहाटे मी घरी करतो त्या प्रार्थनेतून काढायला सांगू नकोस, ते जमणार नाही.

सीबीसीचा रिपोर्ट आला की सॅमला नको, मलाच पाठव.

तुझे,
पप्पा