एलआयसीत आमचा पैसा आहे, म्हणून विचारतो

माननीय निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, यांस

सप्रेम नमस्कार.

आपण राज्यसभेत कर्नाटकातून निवडून गेला आहात, म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीहून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. आमच्याकडे ऊसबिल जमा झालं की दोन गोष्टी आधी भागवतात : सोसायटीचं कर्ज आणि एलआयसीचा हप्ता. या हप्त्यामागच्या विम्याला १९५६च्या कायद्याने केंद्र सरकारची हमी आहे. २०२२ साली साडेतीन टक्के हिस्सा विकल्यावरही महामंडळाचं मालक सरकारच आहे. तेव्हा हा पैसा कुठे गुंतवणं योग्य, हा प्रश्न आपल्या खात्याचाही आहे.

कोळसा काढणारी कोल इंडिया आणि मुख्यतः कोळशावर वीज करणारी एनटीपीसी, या दोन्ही कंपन्यांत एलआयसी मोठी भागधारक आहे. म्हणजे त्यांत थोडे आम्हीही आहोत.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा एकदमच फुगल्या. कल्लोळ-यडूर बंधारा पावसाळ्यात पाण्याखाली जातो याची आम्हाला सवय आहे, पण त्या वर्षी चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, गोकाककडची नदीकाठची घरं बसली. ऊस बरेच दिवस बुडून राहिला की पोंग्यात गाळ बसतो आणि शेंडा कुजतो. पंचनामा होतो, भरपाई येते, पण मोडलेला हंगाम त्यात भरून निघत नाही. त्या पुराचा सगळा दोष मी कोळशावर ढकलणार नाही. धरणांचा विसर्ग आहे, नदीपात्रातली अतिक्रमणं आहेत. पण हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग पाऊस कोसळतो तेव्हा तसाच कोसळतो. ती तापवणाऱ्या कारणांत कोळसा सर्वांत वर आहे.

अडचण मला दिसते. या कंपन्या चांगला लाभांश देतात आणि आमच्या पॉलिसीवरच्या बोनसमध्ये त्याचाही वाटा असतो. देशातली बरीचशी वीज आजही कोळशावरच होते. आमचे शेतीपंप त्याच विजेवर चालतात. उद्या सगळे शेअर विकून टाका, असं मी म्हणत नाही. विकले तरी दुसरा कोणीतरी घेईल आणि कंपनीच्या सभेतलं आपलं मत मात्र जाईल.

पण नियम हवा, आणि तो उघड हवा. नॉर्वेचा सरकारी निधी उत्तर समुद्रातल्या तेलाच्या पैशावर उभा आहे, त्यामुळे त्यांना साधुसंत मानायचं कारण नाही. तरीही ज्यांचं ३० टक्के किंवा जास्त उत्पन्न कोळशातून येतं, त्या कंपन्यांतून निधी बाहेर काढायचा, असं त्यांच्या संसदेने २०१५ साली ठरवलं. वगळलेल्या कंपन्यांची यादी, कारणासह, कोणालाही वाचता येते.

आपल्या पंतप्रधानांनी २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषून घेण्याचा, शब्द दिला. एलआयसीने त्या शब्दाला धरून तीन गोष्टी कराव्यात, असा आग्रह आपण धरावा. नव्या कोळसा प्रकल्पांच्या रोख्यांत विमाधारकांचा नवा पैसा घालू नये. आहे त्या शेअरच्या बळावर कंपन्यांकडून कोळसा कमी करण्याचं वर्षवार वेळापत्रक मागावं, आणि त्यात खाणकामगारांच्या पुढच्या रोजगाराची तजवीज असावी. आणि सभेत कोणत्या ठरावावर कसं मत दिलं, हे हप्त्याच्या पावतीबरोबर मराठीत, कन्नडमध्ये आमच्यापर्यंत पोहोचवावं.

आपला नम्र,
चिकोडी तालुक्यातील एक विमाधारक शेतकरी