टेबलाखालच्या त्या तीन रविवारांबद्दल

ती. काका यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी माझ्या छोट्या रेल्वेवर दोन प्रवासी गाड्या आणि एक मालगाडी तासभर धावल्या. प्रत्येकीचा वेग वेगळा होता आणि एकीला थांबवले म्हणून दुसरी अडली नाही. हे आपल्यामुळे घडले आणि ते चारचौघांत सांगावे असे मनापासून वाटले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

पुण्यात कोथरूडचे छोट्या रेल्वेंचे जोशी संग्रहालय मी शाळेत असताना पाहिले, तेव्हापासून मनात असलेली ही मांडणी चार वर्षांपूर्वी उभी राहिली: टेबल ३.६ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाचे, १६.५ मिलिमीटर अंतराचे रूळ. सुरुवातीला साध्या डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर, दोन कंट्रोलर आणि रुळांचे सहा ब्लॉक, म्हणजे विजेने वेगळे केलेले तुकडे, होते, आणि प्रत्येक ब्लॉकला ‘पहिला, बंद, दुसरा’ असा स्विच होता. या पद्धतीत आपण गाडी चालवत नाही, रूळ चालवतो. ज्या ब्लॉकमध्ये प्रवाह सोडला, तिथे उभे असेल ते इंजिन निघते. तिसरी गाडी आली तेव्हा स्विच फिरवायला हात पुरेनात आणि मी डीसीसीकडे, म्हणजे आज्ञा अंकांच्या रूपात पाठवणाऱ्या पद्धतीकडे, वळलो. त्यात रुळांवर विजेचा दाब (व्होल्टेज) कायम सारखाच असतो, आज्ञा त्याच विजेतून जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा पाळतो.

दोन तारा जोडल्या की काम झाले, असे मी समजलो. जुना एक कंट्रोलर एका ब्लॉकला तसाच राहिला होता. इंजिनाच्या चाकांनी सीमेवर दोन्ही पुरवठे एकमेकांना जोडले आणि नवा डिकोडर क्षणात जळाला. जुने सगळे काढल्यावरही टेबलाच्या पलीकडच्या टोकाला इंजिने रखडत, आणि मी इंजिनांनाच दोष देत राहिलो.

आपण आलात आणि इंजिनांकडे पाहिलेसुद्धा नाही. एक नाणे मागितलेत. बूस्टरजवळ, म्हणजे रुळांना वीज देणाऱ्या आणि शॉर्ट झाला की बंद पडणाऱ्या पेटीजवळ, ते दोन रुळांवर आडवे ठेवताच बूस्टर लगेच बंद झाला. पलीकडच्या टोकाला ठेवले, तर बूस्टर चालूच राहिला आणि नाणे कोमट होऊ लागले. ते चटकन उचलून आपण समजावलेत, की रुळांचा मिश्रधातू तांब्यापेक्षा फार कमी वीज वाहून नेतो, त्यात दर जोडाला दोन रूळ सांधणारी पट्टी, म्हणजे फिशप्लेट, सैल. त्यामुळे शॉर्ट होऊनही बूस्टर बंद पडण्याइतका प्रवाह वाहत नाही. १५ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे ७५ वॅट. माझा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे. एवढी उष्णता रुळांत आणि जोडांत जिरत राहिली असती, तर एखादी चाकजोडी किंवा रुळांखालचा प्लॅस्टिकचा स्लीपर वितळायला वेळ लागला नसता.

मग आपण, या वयात, चटईवर पाठ टेकून टेबलाखाली गेलात. घराच्या वायरिंगला वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टेबलाच्या लांबीभर टाकली, लाल आणि काळी, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून आखूड फीडर, म्हणजे वीज पोचवणारी जोडतार, दिला. फिशप्लेटवर विसंबायचे नाही, हा आपला नियम. प्रत्येक तारेवर आपल्या अक्षरातले लेबल आहे. ‘पूर्व ३’ हे लेबल मी टॉर्चच्या उजेडात आजही वाचतो, तेव्हा सिग्नल खात्यातल्या आपल्या नोकरीची शिस्त त्यात दिसते.

सर्वांत अवघड होता तो परतीचा लूप. गाडी वळून त्याच रुळांवर परत येते तिथे दर वेळी शॉर्ट होई, आणि डीसीसीला दिशेचे बंधन नाही असे वाचलेले असल्यामुळे मला कारण सापडत नव्हते. आपण कागदावर एक रूळ लाल पेन्सिलीने आणि दुसरा निळ्या पेन्सिलीने काढत नेलात. लूप फिरून रेषा परत आल्या, तेव्हा लाल निळ्याला भिडली होती. इंजिनाची दिशा आज्ञेवर ठरत असली, तरी रूळ शेवटी दोनच तारा आहेत, हे मला तेव्हा दिसले. खऱ्या मार्गावर गाडी रुळावर आहे हे विजेने ओळखणाऱ्या ट्रॅक सर्किटसाठी इन्सुलेटेड जॉइंट, म्हणजे वीज अडवणारे जोड, असतात, चाकांनी रूळ जोडले की रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि सिग्नल लाल होतो, हे सांगत आपण लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत फटी पाडल्यात. मधला भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब ठेवायला लावलात, कारण गाडीने दोन्ही टोकांच्या फटी एकाच वेळी ओलांडल्या तर लूपची ध्रुवता बदलणाऱ्या, म्हणजे त्याच्या दोन तारांची आपोआप अदलाबदल करणाऱ्या, मॉड्यूलला दोन्हीकडे जुळणे शक्य नसते. माझी मालगाडी त्यासाठी दोन डब्यांनी कमी झाली. तेही योग्यच झाले.

सगळ्या इंजिनांचा कारखान्यातून आलेला क्रमांक ३ होता, तो बदलणे त्यानंतर अर्ध्या तासाचे काम ठरले.

आपण पैशांचे नाव काढू दिले नाहीत. तीन रविवार फक्त चहा घेतलात. सहा ठिकाणी नाणे ठेवून पाहिले आहे, सहाही ठिकाणी बूस्टर लगेच बंद होतो. दिवाळीनंतर यार्डातल्या सांध्यांचे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागांचे, वायरिंग हाती घेणार आहे. लेबले आणि चटई तयार ठेवली आहे. आपण यावे, खाली मी उतरेन.

आपला कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरचा शेजारी