बाणावलीतल्या त्या दोघांना

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही चौदा जण गोव्यात बाणावलीजवळच्या एका पंचतारांकित रिसॉर्टात उतरलो होतो. मडगावला मांडवी एक्स्प्रेसमधून उतरताना सतरा डाग मोजून घेतले आणि अठरावा, आईच्या इन्शुलिनचा डबा, सीटखालीच राहिला. चूक माझीच. लक्षात आलं ते रात्री, जेवायला बसताना.

रिसेप्शनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, डॉक्टर सकाळी येतील. समोर भलामोठा बुफे, आणि इंजेक्शनशिवाय आई घास घेईना.

बग्गी चालवणाऱ्या मुलाने हे ऐकलं. ड्युटी संपवून तो घरी निघाला होता. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलवर बघितला आणि माझ्या भावाला स्वतःच्या स्कूटरवर बसवून थेट मडगाव गाठलं. दोन फार्मसी बंद, तिसरीत इन्शुलिनचं पेन मिळालं. थर्मासमध्ये बर्फ त्याने इथूनच भरून नेला होता, पण पेन आधी नॅपकिनमध्ये नीट गुंडाळलं. "बर्फाला थेट टेकलं तर गोठून वाया जातं," म्हणाला. मग हळूच कोकणीत, "म्हजी आवय घेता." म्हणजे त्याची आईही इन्शुलिन घेते.

तोवर किचनमधल्या मावशींनी, बुफे आवरून झालेला असताना, दोन मऊ पोळ्या आणि मुगाची आमटी झाकून ठेवली होती. आई अकराला जेवली.

पेट्रोलचे पैसेही त्याने घेतले नाहीत. तुमची नावं मुद्दामच लिहीत नाही, साहेबांना विचारून थोडंच केलं होतं हे! दोघांनाही, देव बरें करूं.