नॉर्मल रिपोर्टमधला २.२

प्रिय सुध्या,

तीन महिने पत्र नाही, चूक माझीच. प्रकृती ठीक. पण तुझ्या रिपोर्टखाली तू लिहिलंस, “ग्रेड १ फॅटी लिव्हर, एन्झाइम्स नॉर्मल, विषय संपला.” संपलेला नाही रे.

तुझ्यासारख्या टाइप २ मधुमेह असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या यकृतात चरबी सापडते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की साठवलेली चरबी सुटत राहते आणि यकृतात जाऊन बसते. जास्तीच्या साखरेपासून यकृत स्वतः चरबी बनवतं ते वेगळंच. सोनोग्राफीतली ग्रेड फक्त चरबीचा अंदाज देते. खरा प्रश्न फायब्रोसिसचा, म्हणजे यकृत कितपत निबर झालंय याचा. तो एसजीओटी-एसजीपीटी, म्हणजे तुझी ती एन्झाइम्स, नॉर्मल असतानाही असू शकतो.

कागद घे. आकडेमोडीवरून शाळेत माझ्याशी अबोला धरला होतास, आज मात्र ऐक. वय गुणिले एसजीओटी: ५६ × ३८ = २१२८. प्लेटलेट्स १ लाख ६० हजार, सूत्रात १६० धरायच्या. एसजीपीटी ३६, वर्गमूळ ६. १६० × ६ = ९६०. आता २१२८ भागिले ९६०, आले २.२. हा फिब-४, फायब्रोसिसच्या धोक्याचा अंदाज देणारा आकडा. १.३ च्या खाली असता तर मी गप्प बसलो असतो, २.६७ च्या वर असता तर थेट लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तिन्ही आकडे सुटे पाहिले तर मर्यादेत, एकत्र मांडले की तू मधोमध अडकलेला.

म्हणून फायब्रोस्कॅन कर, यकृत किती निबर झालंय ते मोजणारी तपासणी. आधी किमान तीन तास काही खाऊ नकोस, नाहीतर जेवणानंतर यकृतातला रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा फुगतो. ८ किलोपास्कलच्या खाली आला तर बरंच हायसं वाटेल.

वजन ८४ ना? चार किलो उतरलं तरी चरबी घटते, सहा-आठ उतरलं तर सूजही; फायब्रोसिस मागे हटायला साडेआठच्या आसपास लागतं. मेटफॉर्मिनची गोळी साखरेसाठी चालू ठेव, यकृतासाठी तिच्यावर भिस्त नको. पायोग्लिटाझोन किंवा सेमाग्लुटाइड ही मधुमेहाची दुसरी औषधं तुला चालतील का, डॉक्टरांना विचार. हृदय कमकुवत असेल तर पायोग्लिटाझोन नको, अंगात पाणी साठतं. दारू बंद. आणि लिव्हरच्या भीतीने स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सोडू नकोस. या आजारात हृदयाचा धोका मोठा असतो, तिथेच ती गोळी तुला राखते.

नव्या घराचं काम उरकलं का? वहिनींना नमस्कार, पोरीला परीक्षेसाठी शुभेच्छा.

स्कॅनचा आकडा हातात पडला की त्याच रात्री कळव, कितीही वाजलेले असोत.

तुझा,
अण्णा