पहिल्या पगाराचं पत्र

चि. दादू,
अनेक आशीर्वाद.

24,000 हातात येणार म्हणालास, फार बरं वाटलं. हिशोबाचं बोलणं फोनवर धड होत नाही, म्हणून लिहायला बसले.

तू सांगितलेला खर्च मांडून पाहिला. खोलीचा वाटा, मेस, जाणं-येणं, मोबाइल, सगळं धरून 14,000 त बसतं. मागे 10,000 राहतात. पण "महिनाअखेरीला उरतील ते टाकू" म्हणणाऱ्याचं काही उरत नाही. बचत गटाची वही लिहिताना मी हेच बघत आलेय. बैठकीला बाया शंभर रुपये आणतात ते उरलेले नसतात, मजुरी हातात पडल्या पडल्या बाजूला काढलेले असतात. तूही पगार जमा होईल त्याच दिवशी वाटे काढ, मग महिना चालव.

3,500 अडीअडचणीसाठी. वर्षात 42,000 होतील, म्हणजे तुझा तीन महिन्यांचा खर्च. तुझं काम कंत्राटी आहे, एवढे तरी पाठीशी असायलाच हवेत. ते वेगळ्या बँकेत ठेव आणि त्या खात्याला मोबाइलचं पेमेंट जोडूच नकोस. 3,000 डिग्रीच्या फीसाठी. पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, पाच वर्षांची असते, तुला तेवढं थांबायचं नाही, तेव्हा बँकेत दोन वर्षांची काढ. घरी 3,000 पाठवतो म्हणतोस, पाठव. बाबांना बरं वाटेल. पण त्याला मदत म्हणू नकोस, ते घरचंच आहे.

राहिले 500. ते दुसऱ्यासाठी, आणि माझा सगळा आग्रह त्यांच्यासाठीच आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या आळीतल्या एका वहिनीच्या नवऱ्याला रात्री साप चावला. गाडीवाला आधी पैसे मागत होता. गटाची पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या, वही माझ्याकडे. तिघी भर पावसात जमलो, कंदिलाच्या उजेडात नोटा मोजल्या, वहीत लिहिलं, वहिनीने थरथरत्या हाताने सही केली आणि गाडी निघाली. माणूस वाचला. त्या पेटीत कुणा श्रीमंताचा पैसा नव्हता. जिने कधी शंभर चुकवले नाहीत तिचेही होते, जी दर वेळी कुरकुर करत द्यायची तिचेही होते. आधीच काढून ठेवले होते म्हणून त्या रात्री हाताशी आले. त्या वेळी मागत फिरलो असतो तर कुणाच्या घरात निघाले असते?

तू शिकलास ती शाळा रयत शिक्षण संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, 1919 मध्ये कराडजवळ काले इथे संस्था सुरू केली. पुढे बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. ते आपल्याच्याने व्हायचं नाही. पण त्याच संस्थेसाठी घरोघरी बायका दळण करताना मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. ते आपल्याला जमण्यासारखं आहे. पीठ झाल्यावर उरलं तर देऊ, असं त्या म्हणाल्या नाहीत. तुझे 500 तसेच निघायला हवेत. वर्षाचे 6,000 झाले की गावातल्या एका पोराची वह्या-पुस्तकं आणि परीक्षेची फी सहज निघते. पैसे कुणाचे हे त्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर उद्या तुझ्यासमोर त्याची मान खाली जाईल.

आता मित्रांचं. पगार झाला की उसने मागणारे येतीलच. परत आले नाहीत तरी मैत्री टिकेल, एवढेच दे. जामीन मात्र राहू नकोस, कितीही जवळचा असला तरी. त्याने हप्ते थकवले तर बँक तुझ्या दारात येते, आणि आपल्या भावकीत त्यापायी जमीन गेलेली तू पाहिली आहेस.

दोन वर्षांत दुप्पट करून देतो म्हणणारेही भेटतील. आम्हाला गटाच्या प्रशिक्षणात शिकवलेला आडाखा लक्षात ठेव: 72 ला व्याजदराने भाग दे, तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. 7 टक्क्यांनी दहा वर्षं लागतात. दोन वर्षांत करायचे तर 36 टक्के हवेत, ते कोण कुठून देणार? जास्त व्याजाला भुलून पतसंस्थेत ठेव ठेवतानाही दहादा विचार कर. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेलाही आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही.

मी मुख्याध्यापकांना भेटून आले. नववीतला एक मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर आहे, वडील नाहीत त्याला. जूनमध्ये वह्या-पुस्तकं घ्यावी लागतील. 500 जड जात असतील तर 300 ने सुरू कर, मला चालेल, पण एकदा आकडा ठरला की मध्येच थांबवायचं नाही, पोर त्या भरवशावर राहील. किती ते रविवारपर्यंत कळव, म्हणजे मी सरांना सांगते.

जेवण वेळेवर कर. रात्रपाळी असेल तेव्हा डबा नेत जा.

तुझी,
आई